पानापासून शिरेपर्यंत

अश्वगंधेच्या पानांत आणि मुळांत विथाफेरिन-ए नावाचे एक द्रव्य असते. काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर ते टाकले की पेशींची वाढ थांबते आणि पुष्कळशा पेशी मरतात. जगभरच्या प्रयोगशाळांनी हे वारंवार पाहिले आहे. मुंबईत एका संशोधकगटाने हे द्रव्य बशीतून उचलून थेट रुग्णांपर्यंत नेले. टाटा मेमोरियल सेंटरचे डॉक्टर आणि औषधशास्त्रज्ञ या गटात होते. ऑस्टिओसार्कोमा हा हाडांचा कर्करोग ज्यांच्यात बराच पुढे गेला होता असे १३ रुग्ण चाचणीत घेतले. विथाफेरिनचे प्रमाण पक्के करून घेतलेला अश्वगंधेचा अर्क त्यांना तोंडावाटे दिला. दिवसाला ७२ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून मात्रा पायरीपायरीने २१६ मिलिग्रॅमपर्यंत चढवली. निष्कर्ष २०२० साली छापून आले. औषध रुग्णांना सोसले. काहींच्या यकृताची एन्झाइमे वाढली, काहींच्या अंगावर पुरळ उठले, पण गंभीर त्रास कोणालाही झाला नाही. मात्र रुग्णांचे रक्त तपासले तेव्हा त्यात विथाफेरिन सापडलेच नाही.

पोटात गेलेले द्रव्य रक्तात उतरत नसेल, तर गुडघ्याजवळच्या गाठीपर्यंत ते पोहोचायचे कसे? संशोधकांनी ही गोष्ट लपवली नाही. तोंडावाटे घेतलेले हे द्रव्य शरीरात फारसे शोषले जात नाही, ते देण्याची वेगळी रीत शोधावी लागेल, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. वनस्पती आणि हाडांचा कर्करोग या विषयावर भारतात झालेल्या कामांत ही छोटी चाचणी प्रस्तुत वक्त्याला फार मोलाची वाटते. अशा विषयावर बोलणारे बहुतेक जण बशीतल्या पेशींपाशी थांबतात. या गटाने पुढचा प्रश्न विचारला आणि आलेले उत्तर जसेच्या तसे जगासमोर ठेवले. झाडातल्या एखाद्या द्रव्याचे औषध होते ते याच रस्त्याने. हाडांच्या कर्करोगात हा रस्ता काही द्रव्यांनी पूर्ण केला आहे, काही मध्येच थांबली आहेत, आणि बरीचशी अजून निघालेलीही नाहीत.

आधी रोगाविषयी. हाडांत आढळणारा कर्करोग बहुतेक वेळा मूळचा हाडांचा नसतो. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस अशा अवयवांतला रोग पसरत हाडांत येतो आणि त्याचे उपचार मूळ अवयवाप्रमाणे ठरतात. हाडांतच जन्मणारा रोग दुर्मीळ आहे. त्याचे मुख्य प्रकार तीन. ऑस्टिओसार्कोमा बहुधा दहा ते वीस या वयात, हाडे झपाट्याने वाढत असताना होतो आणि गुडघ्याच्या आसपास सर्वाधिक आढळतो. युइंग सार्कोमाचे वर्णन अमेरिकेतील जेम्स युइंग यांनी १९२१ साली केले. तोही मुलांचा आणि तरुणांचा रोग. ११ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलले जाऊन एक विपरीत जनुक तयार होते; बहुतेक रुग्णांत रोगाचे मूळ तेच असते. तिसरा कॉन्ड्रोसार्कोमा, कूर्चेच्या पेशींचा आणि मुख्यतः प्रौढांचा. त्यावर केमोथेरपीचा फारसा उपयोग होत नाही, सारी भिस्त शस्त्रक्रियेवर.

१९७० च्या आधी ऑस्टिओसार्कोमा झालेल्या मुलाचा पाय कापला जाई आणि तरीही पाचांतली सुमारे चार मुले दगावत. निदान होईपर्यंत रोगाचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसांत पोहोचलेले असत. मग मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लॅटिन ही औषधे आली आणि चित्र पालटले. रोग पसरलेला नसेल तर आज दहांतली सहा ते सात मुले वाचतात, आणि अनेकांचा पायही वाचतो. पण हा आकडा गेली जवळजवळ चाळीस वर्षे तिथेच अडकला आहे. रोग फुप्फुसांत पसरल्यानंतर सापडला तर वाचणाऱ्यांचे प्रमाण खूपच कमी. नव्या औषधांची ओढ लागते ती यामुळे, आणि त्या ओढीतच लोक झाडपाल्याकडे आशेने पाहतात.

वरच्या तीन औषधांपैकी एकही थेट झाडातून आलेले नाही. डॉक्सोरुबिसिन मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूचे, सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमचे संयुग. मेथोट्रेक्सेट प्रयोगशाळेत घडवलेले. पण त्याच्या वंशावळीत मुंबई आहे आणि पालकाची भाजीही आहे. ब्रिटिश डॉक्टर लूसी विल्स १९२८ साली मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी जीवघेणा रक्तक्षय होई, त्याचा त्यांनी अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे दाखवले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे आज प्रत्येक गरोदर बाईला मिळणारे फॉलिक ॲसिड. १९४१ साली टेक्सासमधल्या शास्त्रज्ञांनी ते चार टन पालकातून वेगळे काढले. वाढणाऱ्या पेशीला फॉलिक ॲसिड लागतेच. म्हणून त्याच्यासारखे दिसणारे पण त्याचे काम न करणारे रेणू बनवून कर्करोगाच्या पेशींना फसवता येईल, ही वाट अमेरिकेत लेडर्ली कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने मोकळी केली. मेथोट्रेक्सेट त्याच वाटेवरचे. ऑस्टिओसार्कोमात ते इतक्या मोठ्या मात्रेत देतात की पाठोपाठ उतारा म्हणून फॉलिनिक ॲसिड द्यावे लागते आणि रक्तातली पातळी पुन्हा पुन्हा मोजावी लागते. ही व्यवस्था सगळीकडे जमत नाही. टाटा मेमोरियलमध्ये या औषधाची मोठी मात्रा वगळून डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि आयफॉस्फामाइड यांची उपचारपद्धती वापरली जाते.

वनस्पतींचा थेट हात दिसतो तो युइंग सार्कोमात. तिथे पाच औषधे आलटून पालटून देतात: व्हिन्क्रिस्टिन, डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फामाइड, आयफॉस्फामाइड आणि इटोपोसाइड. यातले पहिले आणि शेवटचे ही वनस्पतींची देणगी आहे, आणि पहिले ज्या झाडातून येते ते आपल्याकडे अंगणाअंगणांत फुललेले असते. सदाफुली.

सदाफुली मूळची मादागास्करची. जमैकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. १९५२ साली तिथल्या एका डॉक्टरने ती पाने पाकिटात घालून कॅनडाला क्लार्क नोबल यांच्याकडे पाठवली. क्लार्क यांनी ती आपल्या धाकट्या भावाकडे सोपवली. हे रॉबर्ट नोबल वेस्टर्न ओन्टारिओ विद्यापीठात संशोधन करत होते. त्यांनी काढा उंदरांना पाजला. साखरेत काही फरक पडला नाही. मग अर्क टोचून पाहिला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. इथे अनेकांनी काम सोडून दिले असते. नोबल यांनी उंदरांचे रक्त पाहिले. पांढऱ्या पेशी ओसरल्या होत्या, अस्थिमज्जा रिकामी झाली होती. ज्या द्रव्याने पांढऱ्या पेशी मरतात ते पांढऱ्या पेशींच्या कर्करोगावर चालेल, हा विचार तिथून सुरू झाला. चार्ल्स बीअर या रसायनशास्त्रज्ञाने ते द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले आणि १९५८ साली व्हिन्ब्लास्टिन जगापुढे आले. त्याच सुमारास इंडियानापोलिसच्या एली लिली कंपनीतही सदाफुलीवर काम चालू होते. तिथून व्हिन्क्रिस्टिन आले आणि १९६३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

पेशी दुभंगताना तिच्या आत सूक्ष्म नलिकांची एक चाती तयार होते आणि ती गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेते. व्हिन्क्रिस्टिन त्या नलिका जुळूच देत नाही, त्यामुळे पेशीचे विभाजन अर्ध्यावर अडकते. मात्रा अगदी लहान. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला दीड मिलिग्रॅम, आणि एका वेळी सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर नाही. यापेक्षा जास्त दिले तर मज्जातंतू दुखावतात, हातापायांना मुंग्या येतात, आतड्यांची हालचाल मंदावते. शिरेऐवजी चुकून पाठीच्या कण्यातल्या द्रवात टोचले गेले तर रुग्ण दगावतो. ज्या फुलाची परडी देवापुढे ठेवली जाते त्याच्या पानात इतके जहाल द्रव्य आहे, हे कायम लक्षात ठेवायला हवे. झाडातले आहे म्हणून ते सौम्यच असेल असा काही नियम नाही. ते औषध होते ते नेमक्या मात्रेमुळे.

पानात हे द्रव्य अत्यल्प असते. एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टिनसाठी ५०० किलोहून अधिक वाळलेली पाने लागतात, व्हिन्क्रिस्टिनसाठी त्याहूनही जास्त. भारतात ही औषधे तयार करण्याचे तंत्र १९८४ साली सिप्ला कंपनीने पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साहाय्याने विकसित केले. परदेशी कंपनीच्या किमतीवर अवलंबून असलेल्या हजारो घरांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती, आणि तिची आठवण महाराष्ट्रात फारशी काढली जात नाही याचा खेद वाटतो. २०२२ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी यीस्टमध्ये तीसहून अधिक रासायनिक पायऱ्यांची साखळी बसवून व्हिन्ब्लास्टिनचे दोन्ही घटक यीस्टकडून तयार करून घेतले. पानांवरचे अवलंबन कधी काळी संपेल तर ते अशा कामातून.

इटोपोसाइडची गोष्ट हिमालयातली आणि अमेरिकेच्या जंगलातली. पोडोफायलम नावाची एक छोटी झुडूपवजा वनस्पती असते. हिमालयात तिच्या एका जातीला वनककडी म्हणतात. तिच्या जमिनीखालच्या खोडातून पोडोफायलोटॉक्सिन मिळते. ते चामखिळीवर लावायला चाले, पण पोटात घ्यायला फार विषारी. स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत या रेणूत थोडे थोडे बदल करत १९६० च्या दशकात इटोपोसाइड तयार झाले. मूळ द्रव्य पेशीतल्या नलिकांवर हल्ला करत होते. बदललेला रेणू ते काम सोडून डीएनएवर गेला. पेशीत डीएनएचा पीळ सोडवण्यासाठी त्याचे धागे कापून पुन्हा जोडणारे एक एन्झाइम असते. इटोपोसाइड त्याला कापू देते, जोडू देत नाही. म्हणजे झाडाने दिले ते एक, आणि रसायनशास्त्रज्ञांच्या हातून निघाले ते दुसरेच. १९८३ साली अमेरिकेत इटोपोसाइडला मान्यता मिळाली.

मग ते हाडांच्या कर्करोगावर किती चालते? याचे उत्तर दोन मोठ्या चाचण्यांनी दिले आहे आणि ती दोन उत्तरे शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. अमेरिकेत युइंग सार्कोमाच्या, रोग न पसरलेल्या ३९८ रुग्णांत जुन्या औषधांमध्ये आयफॉस्फामाइड आणि इटोपोसाइड यांची भर घालून पाहिली. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ६१ टक्क्यांवरून ७२ टक्क्यांवर गेले. २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगाची उपचारपद्धती बदलली. शंभरांतली अकरा मुले अधिक वाचली. आकडेवारीत हा फरक लहान दिसेल, पण ज्या घरातले मूल वाचले त्या घराला तो सारे जग परत मिळाल्यासारखा आहे.

तीच जोडी ऑस्टिओसार्कोमात वापरून पाहिली. युरोप आणि अमेरिकेतल्या चार संशोधकगटांनी मिळून १७ देशांत युरॅमॉस नावाची चाचणी घेतली. तीत दोन हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. इतक्या दुर्मीळ रोगात ही संख्या थक्क करणारी आहे. शस्त्रक्रियेच्या आधीच्या केमोथेरपीला ज्यांच्या गाठीने नीट दाद दिली नाही अशा ६१८ रुग्णांपैकी निम्म्यांना पुढे आयफॉस्फामाइड आणि इटोपोसाइड जादा दिले. २०१६ साली निकाल आला. फायदा काही नाही, त्रास मात्र जास्त. तेच रेणू, हाडांचाच कर्करोग, मुलांचे वयही जवळपास तेच, आणि तरी एका रोगात जीव वाचला आणि दुसऱ्यात फक्त उलट्या, संसर्ग आणि रुग्णालयातले दिवस वाढले. म्हणून हाडांच्या कर्करोगावर अमुक वनस्पती गुणकारी, असे वाक्य ऐकले की लगेच विचारावे: कोणत्या कर्करोगावर, किती मात्रेत, कोणत्या रुग्णांवर पाहिले?

वनस्पतीतून आलेल्या तिसऱ्या औषधाची वाट नंदुरबारहून जाते. मनसुख वाणी यांचा जन्म तिथे १९२५ साली झाला. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेला गेले. नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळे काढले आणि १९६६ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. याच जोडीने १९७१ साली यू वृक्षाच्या सालीतले टॅक्सॉलही जगाला दिले. कर्करोगाच्या औषधांच्या इतिहासात एवढे मोठे काम केलेला खानदेशचा माणूस आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवा.

कॅम्प्टोथेसिनचा पुढचा प्रवास मात्र खडतर होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते रुग्णांना देऊन पाहिले तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. ते नेमके काय करते हे १९८५ साली कळले: डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या दुसऱ्या एका एन्झाइमला ते जागच्या जागी धरून ठेवते. त्यानंतर त्याच्या सुधारलेल्या रूपांचा शोध पुन्हा जोमाने सुरू झाला. जपानमधल्या याकुल्ट कंपनीने इरिनोटेकान काढले, अमेरिकेत टोपोटेकान आले. ही दोन्ही औषधे आज उलटलेल्या युइंग सार्कोमात वापरली जातात.

आणि या द्रव्याचा एक समृद्ध साठा सह्याद्रीत आहे. घाटमाथ्यावरच्या सदाहरित जंगलात नरक्या नावाचे लहानसे झाड असते. गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी १९७२ साली त्यातून कॅम्प्टोथेसिन मिळवले, आणि तेही चिनी झाडापेक्षा बऱ्याच अधिक प्रमाणात. त्याची किंमत नरक्याने मोजली. कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्गच्या जंगलांत झाडे बुंध्यापासून तोडून, तुकडे करून, पोत्यांत भरून चोरट्या मार्गाने बाहेर गेली. तोडणाऱ्याच्या हाती किलोमागे काही रुपये पडले. हिमालयातल्या वनककडीचीही हीच गत झाली. तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आता निर्बंध आहेत. ज्या झाडाने मुलांचे प्राण वाचवायला मदत केली ते झाड मुळासकट संपवणे हा कृतघ्नपणा आहे. नरक्याची लागवड, पानांतून किंवा यीस्टसारख्या मार्गाने द्रव्य मिळवण्याचे संशोधन आणि तोडीवर वनखात्याची कडक नजर या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतील. त्यासाठी लागणारा पैसा या औषधांच्या विक्रीच्या मानाने किरकोळ आहे.

उलटलेल्या युइंग सार्कोमात कोणते औषध सर्वांत चांगले, हे ठरवायला युरोपात ‘रीकर’ नावाची चाचणी झाली. चार उपचार एकमेकांसमोर उभे केले आणि जो मागे पडेल तो वगळत गेले. आधी जेमसायटाबिन आणि डोसेटॅक्सेल ही जोडी बाद झाली. डोसेटॅक्सेल हे यू वृक्षाच्या पानांपासून बनलेले औषध. मग इरिनोटेकान आणि टेमोझोलोमाइड ही जोडी गळली. शेवटी टोपोटेकान असलेली जोडी आणि मोठ्या मात्रेतले आयफॉस्फामाइड उरले आणि २०२२ साली आयफॉस्फामाइड पुढे असल्याचे जाहीर झाले. आयफॉस्फामाइडचा वनस्पतीशी काहीही संबंध नाही. वनस्पतीतून आलेली तिन्ही औषधे एका कृत्रिम औषधामागे पडली. त्यामुळे ती टाकाऊ ठरत नाहीत, एखाद्या मुलाच्या मूत्रपिंडांना आयफॉस्फामाइड सोसणार नसेल तेव्हा तीच कामी येतात. पण औषधाचे मूळ पाहून त्याचा पक्ष घेण्यात अर्थ नाही, हे या निकालाइतके स्पष्टपणे दुसरे काही सांगत नाही.

आता हळदीकडे. हळदीतले कर्क्युमिन, द्राक्षातले रेस्व्हेरॅट्रॉल, सोयाबीनमधले जेनिस्टीन, हिरव्या चहातली कॅटेचिने, दारुहळदीतले बर्बेरिन: ऑस्टिओसार्कोमाच्या पेशींवर यांतल्या प्रत्येकाचे शोधनिबंध आहेत आणि प्रत्येकात पेशी मेल्याचे दाखवले आहे. या पेशी कोणाच्या, हे त्या निबंधांत सहसा एका ओळीत उरकलेले असते. जगभर वापरली जाणारी यू-टू-ओएस ही पेशींची जात १९६४ साली एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या नडगीच्या हाडातल्या गाठीतून घेतली होती. साओस-टू ही अकरा वर्षांच्या मुलीची, एमजी-६३ ही चौदा वर्षांच्या मुलाची. या मुलांच्या गाठीतल्या पेशी आजही हजारो बश्यांत वाढत आहेत. त्यांच्यावर केलेला प्रत्येक प्रयोग काळजीने व्हायला हवा आणि त्याचा निष्कर्ष त्याच्या मर्यादेत सांगितला गेला पाहिजे. बशीत यकृत नसते, आतडे नसते, रक्ताभिसरण नसते, आणि गाठीभोवतीचे कठीण हाडही नसते.

कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यात फारसे शोषले जात नाही, आणि जे थोडे आत जाते त्याचे यकृत झपाट्याने रूपांतर करून टाकते. माणसांनी दिवसाला आठ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन घेतले तरी रक्तात त्याचा मागमूस जेमतेम लागतो. हळदीत कर्क्युमिन असते शेकड्याला दोन ते पाच भाग, तेव्हा दूध-हळदीतून किती मिळणार याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. शिवाय प्रयोगशाळेत हे द्रव्य फसवे वागते: ते अस्थिर आहे, अनेक प्रथिनांना कसेही चिकटते, स्वतः चमकते आणि तपासणीच्या उपकरणांना चकवते. २०१७ साली अमेरिकेतल्या औषधरसायनज्ञांनी कर्क्युमिनवरच्या साऱ्या कामाचा आढावा घेतला, तेव्हा काटेकोर तुलनात्मक चाचणीत ते यशस्वी ठरल्याचे एकही उदाहरण त्यांना मिळाले नाही. सांगलीच्या हळदीचे मोल त्यामुळे कमी होत नाही. ती स्वयंपाकघरात आहे तिथे उत्तमच आहे.

पण न शोषले जाणारे द्रव्य रक्ताच्या मार्गाने पाठवायचेच कशाला, असा विचार काही जणांनी केला आहे, आणि तो खरोखर आशादायक आहे. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात सुष्मिता बोस यांचा गट कॅल्शियम फॉस्फेटपासून त्रिमितीय छपाईने हाडासारखा सच्छिद्र सांगाडा तयार करतो. गाठ काढल्यावर हाडात जी पोकळी राहते तिथे असा तुकडा बसवायचा आणि त्यातून औषध हळूहळू, जागच्या जागी झिरपू द्यायचे, अशी ही कल्पना. २०१९ साली या गटाने सोयाबीनमधली द्रव्ये भरलेला आणि मेदाच्या सूक्ष्म कुप्यांत कोंडलेले कर्क्युमिन भरलेला असे दोन्ही सांगाडे तपासले. ऑस्टिओसार्कोमाच्या पेशी घटल्या आणि हाड बांधणाऱ्या निरोगी पेशी मात्र तगल्या, वाढल्या. हे अजून प्रयोगशाळेतलेच काम आहे. शस्त्रक्रियेनंतर जागेवर उरलेल्या पेशींसाठी ते उपयोगी ठरू शकेल; फुप्फुसात गेलेल्या पेशींपर्यंत असा सांगाडा पोहोचणार नाही, आणि ऑस्टिओसार्कोमात मृत्यू येतो तो बहुधा फुप्फुसांच्या वाटेने. तरीही विथाफेरिनच्या मुंबईतल्या चाचणीने जो प्रश्न समोर ठेवला, त्यावर विचारपूर्वक शोधलेले हे उत्तर आहे. विथाफेरिनसाठीही असेच काही आपल्याकडे व्हावे. अश्वगंधा आपली, रुग्ण आपले, तपासणीची कुवतही आपल्याकडे आहे.

एक धोका मात्र आजच्या रुग्णांना आजच सांगायला हवा. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपात उदासीनतेवर घेतली जाणारी वनस्पती. इरिनोटेकान चालू असलेल्या रुग्णांना ती दिली तेव्हा त्या औषधाच्या कार्यकारी रूपाचे रक्तातले प्रमाण ४२ टक्क्यांनी घसरल्याचे २००२ साली नेदरलँड्समध्ये दिसले. यकृतातल्या एन्झाइमांना तिने चेतवले आणि औषध काम करण्याआधीच मोडून पडले. केमोथेरपीच्या काळात घरच्यांनी मायेने दिलेला काढा, चूर्ण किंवा रस असाच औषधाच्या आड येऊ शकतो, किंवा उलट औषध शरीरात साठवून विषबाधा घडवू शकतो. म्हणून काही द्यायचेच असेल तर डॉक्टरांना नाव घेऊन सांगावे, बाटली नेऊन दाखवावी. यात संकोच नको, आणि डॉक्टरांनीही हे ऐकताना रागावू नये. रागावलेल्या डॉक्टरपुढे माणसे खरे बोलत नाहीत.

आणि शेवटची विनंती आईवडिलांना, शिक्षकांना, खेळाच्या मार्गदर्शकांना, आणि गावोगावच्या हाडवैद्यांनाही. वाढत्या वयाच्या मुलाचा गुडघा किंवा खांदा दोन-तीन आठवडे दुखत राहिला, रात्री दुखणे वाढले, झोपेतून जाग येऊ लागली, एका जागी सूज कठीण लागली, तर खेळताना लागले असेल म्हणून सोडून देऊ नये. त्यावर मालिश करू नये, पाल्याचा लेप बांधून महिना घालवू नये, गाठ दाबून पाहू नये. साधा एक्स-रे काढावा. तालुक्याच्या ठिकाणी तो निघतो. एक्स-रेत संशय आला तर घाईने कुठेही तुकडा काढून घेऊ नये, कारण चुकीच्या जागी घेतलेल्या छेदामुळे वाचू शकणारा पायही गमवावा लागतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, तेव्हा खर्चाच्या भीतीने थांबू नये. ज्या रुग्णालयात हाडांच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होणार असेल, बायॉप्सीही तिथेच करून घ्यावी.